कंट्रोलर फॉर्म परत करतो

४ जून

भिंगरे,

आधी पंखा बंद कर, मग पाकीट उघड. कागद पातळ आहे आणि मी पाठपोट लिहिलंय, एक पान उडालं तर तुला वाटेल आजी मध्येच बोलायची थांबली, आणि ते तुला खरं वाटणार नाही. आशीर्वाद तुझ्यापाशी आधीच पुष्कळ साठले असतील, त्यात हेही टाक.

मला फार म्हणजे फार आनंद झालाय. बाई म्हणतात पत्रात मुद्द्याला धरून लिहावं. मी म्हटलं, बाई, मुद्दा माझ्या हाताला कधी लागलाय? लागतो आणि साबणासारखा निसटतो. तर मुद्दा असा. आमच्या प्रौढ वर्गाच्या परीक्षेचे फॉर्म यंदा कागदावर नाहीत, कॉम्प्युटरवर आहेत. बाईंनी फळ्यावर ज्या ऑफिसने ते काम केलं त्याचं नाव लिहिलं. मी ते वाचलं. स्वतः वाचलं बरं का, कुणी सांगितलं नाही. आणि वाचताच ओळखलं, कारण तुझ्या पाकिटांवर मागच्या बाजूला तेच छापलेलं असतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही माझ्या नातीची साईट!"

आमच्या जिन्याखाली राहते ती खालची माझ्या शेजारच्याच बाकावर बसते. मी वर्गात नाव घातलं म्हणून तिनेही घातलं, मी हिरवी वही घेतली म्हणून तिनेही हिरवीच घेतली. ती म्हणाली, "नातीची म्हणजे काय? विकत घेतली?" मी म्हटलं, "घेतली नाही, केली." तर म्हणते, "म्हणजे काय केलं?" आता ते मला कुठे ठाऊक. मी म्हटलं दूध गॅसवर आहे आणि निघून आले. वर्गात बसून दूध गॅसवर कसं, ते तिला नंतर सुचलं असेल.

तर तू नेमकं काय करतेस ते मला लिहून पाठव. फोनवर नको. मला ऐकू यायला फोन मोठ्याने लावावा लागतो, मग सगळ्या घराची सभा भरते. आणि एक गोष्ट घरात सांगायची नाहीये. मी चौथीच्या परीक्षेला बसणार आहे. तुझ्या बापाला वाटतं मी वर्गात वेळ घालवायला जाते. त्याला कळलं तर म्हणेल, आई, या वयात कशाला डोक्याला ताप. चांगला आहे गं तो. पण वाईट माणसाला झिडकारता तरी येतं, चांगल्या माणसाचं ऐकावं लागतं. म्हणून बसायचा नंबर हातात आला की मगच सांगू.

यंदाच बसायला हवं. बाई निवृत्त होणार आणि वर्ग नदीपलीकडच्या नव्या इमारतीत जाणार. दोन बस बदलून जायचं म्हणजे माझे गुडघे अर्ध्या वाटेत राजीनामा देतील. दुसरीत असताना परीक्षेच्या तोंडावरच माझं नाव शाळेतून काढलं, धाकटा भाऊ झाला होता, त्याला सांभाळायला माणूस हवं होतं. तेव्हापासून परीक्षा आतून कशी असते ते मला बघायचंय. पास नापास नंतरचं.

तुझी आजी


१३ जून

प्रिय आजी,

पंखा बंद केला, तरी एक पान कपाटामागे गेलंच. फूटपट्टीने ओढून काढलं. त्यातच खालची आणि गॅसवरचं दूध होतं.

मी काय करते ते सांगते, म्हणजे खालचीला तोंड देता येईल.

समज, कुणी साईटवर येऊन 'नाव नोंदवा' हे बटण दाबलं. ती मागणी कंट्रोलरकडे जाते. आलेल्याला काय दाखवायचं ते कंट्रोलर ठरवतो आणि त्याप्रमाणे फॉर्म परत करतो. कुणी नवीन नाव घालायला येतं, कुणी आधीचं दुरुस्त करायला. पूर्वी आमच्याकडे प्रत्येकासाठी वेगळा फॉर्म लिहायचे. मग एकात काही बदललं की दुसऱ्यात बदलायचं राहून जायचं. मी फॉर्मचा एकच साचा केला. मागणी कुठूनही येवो, कंट्रोलर तोच साचा परत करतो. आधी तो एका मुलांच्या शाळेसाठी केला होता, मग एका वाचनालयाला लावला, आणि आता तुमच्या वर्गाला. तुमच्यासाठी एखाददुसरा रकाना वाढवला, बाकी सगळं तेच. एकदा लिहायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं.

आमचे वरिष्ठ यावर खूश आहेत. त्यांना आम्ही चष्मेवाले म्हणतो. तसा ऑफिसात सगळ्यांनाच चष्मा आहे, पण त्यांना दोन आहेत, आणि हवा तो कधीच डोळ्यांवर नसतो.

परीक्षेचं बाबांना सांगणार नाही. पण फॉर्म भरलास की कसा वाटला ते लगेच कळव. मी केलेली गोष्ट आपल्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच वापरणार आहे.

तुझी भिंगरी


२२ जून

भिंगरे,

तुझं पत्र मी वर्गात मोठ्याने वाचलं. दोन शब्दांना अडखळले, एक 'वरिष्ठ', तो 'निवृत्त' सारखाच जोडाक्षराचा. खालची म्हणाली, "म्हणजे नात साचे करते. आमच्या चुलत दिराचा मेणबत्त्यांचा साचा होता." मी म्हटलं तेच ते, फक्त मेण नाही.

आता त्या कंट्रोलरचं. आमच्या बस स्टँडवरही एक कंट्रोलर आहे, काचेच्या खोलीत बसतो आणि भोंग्यातून ओरडतो. कधीही विचारा, गाडी "येईल". तुमचा त्यातलाच का? तू मुलगी आहेस, सांभाळून राहा. डबा आणतो की बाहेर जातो? माणूस काय आणि कसं खातो त्यावरून पुष्कळ कळतं. तुझे आजोबा पहिल्यांदा घरी आले तेव्हा पाणी पिऊन भांडं उपडं ठेवलं, तेव्हाच माझी आई म्हणाली, हा नीटनेटका निघणार. निघाले. इतके नीटनेटके की पन्नास वर्षं मला भांडी उपडी ठेवायला शिकवली. तो वेगळा विषय.

फॉर्म भरला! आमच्या वर्गाच्या केंद्रात मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत. बाईंचा नियम आहे, ज्याची परीक्षा त्यानेच फॉर्म भरायचा. म्हणून त्या आत येत नाहीत, दारातून "जमतंय का?" विचारतात आणि जातात. मी एका बोटाने भरला. अक्षरं शोधावी लागतात, सगळी विखरून ठेवलीत, बाराखडीप्रमाणे का नाही लावली? 'ज्ञ' सापडायला इतका वेळ लागला की मला वाटलं यंदा दिला नसावा. पण काय सुंदर फॉर्म आहे गं! वर निळी पट्टी. आणि परीक्षेच्या दिवशी जेवण हवं का, तेसुद्धा विचारलंय. इतकी माया कुठल्या सरकारी कागदात असते? मी लगेच 'हो' केलं.

सगळं भरून खालचं बटण दाबलं. आणि कंट्रोलरने फॉर्म परत केला. तू लिहिलं होतंस तस्सा! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत, आणि एकदम स्वच्छ. मी बाईंना सांगितलं, माझ्या नातीने आधीच कळवलं होतं हा परत करतो म्हणून.

तुझी आजी


३० जून

प्रिय आजी,

"परत केला, एकदम स्वच्छ" हेच मला ऐकायचं होतं! ती ओळ मी चष्मेवाल्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, सत्तरीच्या बाईला जमलं म्हणजे कुणालाही जमेल. म्हणजे सगळं जसं चालायला हवं तसं चालतंय. पुढेही असंच होईल, काळजी करू नकोस.

कंट्रोलरचा डबा! आजी, तो जेवत नाही. झोपत नाही. दिवसरात्र तेच काम करतो, आलेल्या प्रत्येकाला फॉर्म परत, फॉर्म परत. पगारही मागत नाही.

इथे काम फार आहे, म्हणून पत्र लहान. तुझा नंबर आला की कळव.

तुझी भिंगरी


८ जुलै

भिंगरे,

तू म्हणालीस काळजी करू नकोस म्हणून मी करत नव्हते. पण आता थोडी करते, फार नाही, चहात साखर घालावी एवढी.

असं आहे. त्यानंतर मी पुन्हा फॉर्म भरला, कंट्रोलरने पुन्हा परत केला. पुन्हा भरला, पुन्हा परत. परत करायची रीतच आहे म्हटल्यावर मी हसतमुखाने उठायची. पण काल खालचीने भरला. आणि तिचा घेतला! हिरवी खूण आली, 'आपला फॉर्म मिळाला' असं लिहून आलं, तिने ते मला तीनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा तर चष्मा न लावता. मी म्हटलं, तुझा परत नाही आला? म्हणते, "माझा कशाला परत येईल?" आता तूच सांग. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे हे बाईही कबूल करतात, आणि कॉम्प्युटरवर तर सगळ्यांचं सारखंच. मग हिचा ठेवून घेतला आणि माझा परत, हे काय? हा कंट्रोलर तिच्या माहेरच्या कुणातला तर नाही? तिचं माहेर मोठं आहे, कुठेही कुणी ना कुणी निघतं.

बाई म्हणतात, "काहीतरी भरायचं राहिलं असेल, नीट बघा." काही राहिलेलं नाही गं. जे भरायचं ते सगळं मी भरलंय. आणि बघणार कसं? फॉर्म परत येतो तो कोरा. माझं नाव नाही, गाव नाही, काही नाही. महिनाअखेर शेवटची तारीख आहे. तोवर गेला नाही तर यंदाचं बुडालं, आणि पुढचं मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलंय.

तुझ्या वरिष्ठांपाशी तुझी तक्रार होईल असं मला काही करायचं नाही. म्हणून सरळ त्या माणसालाच चिठ्ठी लिहिली आहे, सोबत ठेवलीय. घडी उघडू नकोस, त्याच्या हातात दे. उघडलीस तरी दे.

तुझी आजी


(सोबतची चिठ्ठी)

कंट्रोलर साहेब, नमस्कार.

मी तुमच्या ऑफिसात साचे करणाऱ्या मुलीची आजी. तुम्ही जेवत नाही आणि झोपत नाही हे तिच्याकडून कळलं, वाईट वाटलं. उपाशी माणूस सगळ्यांचंच परत करतो, त्यात तुमचा दोष नाही.

फॉर्म परत करणं तुमचं काम आहे, त्याचा राग नाही. पण साहेब, परत करताना माझं लिहिलेलं पुसू नका हो. माझं आडनाव जोडाक्षराचं आहे. ते एका बोटाने लिहायचं म्हणजे घाम येतो, आणि तुम्ही ते फुंकर मारल्यासारखं उडवता. आमच्या बाई पाटीवर चूक झाली तर चुकीखाली रेघ ओढतात, सगळी पाटी पुसत नाहीत. कुठे चुकलं तेवढं दाखवा, मी तेवढंच सुधारते. बाकीचं राहू द्या.

आणि शिळं का होईना, चार घास खात जा.

एक आजी


१३ जुलै, कुरियरने

प्रिय आजी,

कुरियरवाल्याला सांगितलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं.

चिठ्ठी मी उघडली. हसत वाचायला घेतली, आणि "लिहिलेलं पुसू नका" इथे आल्यावर हसू गेलं. चष्मेवाले मागे उभे होते.

"कोण हे कंट्रोलर साहेब?"

"आजीला वाटतं तो माणूस आहे."

त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा बदलला, वाचली, पुन्हा चष्मा बदलला. "भरताना काही चुकलं तर तू कोणता फॉर्म परत करतेस?"

"तोच, सर. एकच साचा आहे ना."

"साचा तोच. कोरा की भरलेला?"

मी उघडून बघितलं. कोरा. आजी, चूक माझी होती. काही राहिलं किंवा चुकलं तर त्या माणसाने भरलेलाच फॉर्म, चुकलेल्या जागी खूण करून, त्याला परत द्यायचा असतो. साचा त्यासाठीच तर एक ठेवायचा. मी मात्र कंट्रोलरला सांगून ठेवलं होतं, काही चुकलं की नवा दे. शाळेत आणि वाचनालयात फॉर्म त्यांचा कारकून भरतो, त्याला सवय आहे, त्याचं काही राहत नाही. म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि कंट्रोलर माणूस नाही. मीच लिहिलेल्या काही ओळी आहेत. म्हणजे तुझं जोडाक्षर पुसत होते ती मी. तू "परत केला" लिहिलंस आणि मी नाचले. 'परत' या शब्दाने आपल्या दोघींना चांगलंच फिरवलं.

आता ते दुरुस्त केलंय. पुन्हा भर. तुझं लिहिलेलं जसंच्या तसं राहील, आणि जो रकाना अडवतोय त्याच्याखाली लाल अक्षरांत कारण येईल. ते कारण मला शब्दाला शब्द लिहून पाठव. आणि यापुढे फॉर्म परत आला तर कृपा करून आनंद मानू नकोस!

तुझी भिंगरी


१७ जुलै

भिंगरे,

कुरियरवाला आला तेव्हा दार तुझ्या बापाने उघडलं. तो म्हणाला माझ्याकडे द्या, तर कुरियरवाला म्हणतो, "नाही, आजींच्याच हातात." तुझा बाप माझ्याकडे असा बघतोय की जणू मी परदेशात माल पाठवते. मी म्हटलं, नातीने गुडघ्याचं मलम कळवलंय.

कंट्रोलर माणूस नाही हे वाचून मला चुटपुट लागली. इतके दिवस त्याच्या जेवणाची काळजी केली. असो, तू तरी वेळेवर जेवतेस ना? म्हणजे माझा उपदेश योग्य माणसालाच पोचला.

आता ऐक. मी फॉर्म भरला, बटण दाबलं. फॉर्म परत आला, आणि माझं नाव जागच्या जागी! जोडाक्षर जसंच्या तसं! मी त्याच्याकडे जरा वेळ नुसती बघत बसले. मग खाली लाल अक्षरं दिसली. तू शब्दाला शब्द मागितलेस, घे. "पालक आवश्यक आहे."

मी बाईंना दारातून हाक मारली. म्हटलं, "बाई, आत या. मुतखड्याच्या डॉक्टरने मला पालक सक्त बंद केलाय, आणि हे म्हणतात आवश्यक आहे. डॉक्टरचं ऐकू की कॉम्प्युटरचं?"

बाईंना काही कळेना. "कुठला पालक?"

"भाजी."

बाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी डोक्याला हात लावला, मग तोंडाला पदर लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

तू हसू नकोस. पालक म्हणजे आईबाप हे मला ठाऊक नाही असं नाही. तुझ्या बापाच्या शाळेत पालकसभा असायची, तुझे आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. पण माझ्या वयाच्या बाईला आईबाप कोण विचारील? आणि फॉर्ममध्ये काय आहे बघ. आधी विचारलंय, परीक्षेच्या दिवशी जेवण हवे का. हो. त्याच्या लगेच खाली 'पालक', आणि त्याला वर एक चांदणी. मला वाटलं खास भाजी असेल, घराच्या बागेतली वगैरे. मला चालत नाही म्हणून मी रकाना मोकळा सोडला. दर वेळी मोठ्या निग्रहाने सोडला.

आणि आता खालचीचं. तिला विचारलं, तू तिथे काय लिहिलंस? आधी सांगेना. मग बाईंनी तिचा फॉर्म काढला. तिने लिहिलं होतं, "आवडतो, पण तिखट कमी." आणि त्यावर तिचा घेतला! भिंगरे, तुझा कंट्रोलर माणूस नाही हे आता मला पटलं. माणूस असता तर विचारलं तरी असतं.

बाई म्हणाल्या, पालक म्हणून कुणाचंतरी नाव लिहा, त्यांच्या फोनवर संमतीचा निरोप जाईल, त्यांनी 'हो' म्हटलं की झालं. खालचीने तिच्या मुलीचं नाव लिहून दुरुस्त केलं. मी कुणाचं लिहू? माझे आईबाप जाऊन युगं लोटली, त्यांना कुठल्या फोनवर निरोप पाठवणार? तुझ्या बापाचं लिहिलं तर निरोप त्याच्या फोनवर. म्हणजे मीच जाऊन सांगितल्यासारखं. काय करू ते लवकर कळव, दिवस थोडे उरलेत.

तुझी आजी


२१ जुलै, कुरियरने

प्रिय आजी,

हसू नकोस म्हणालीस, पण ऑफिसात मला पाणी आणून द्यावं लागलं.

पालकाचा रकाना मुलांच्या शाळेच्या फॉर्मातून आला. साचा एकच, म्हणून त्यातलं सगळंच तुमच्याकडे आलं. वाचनालयातही मुलांचीच नावं घालतात, तिथे तो चालून गेला. तुमच्यासाठी मी जेवणाचा प्रश्न वर घातला, आणि त्याच्याखाली काय येतंय ते बघितलं नाही. चांदणीचा अर्थ 'हे भरल्याशिवाय सुटका नाही' असा असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं असं मी धरून चालले.

मोठ्यांच्या फॉर्मातून तो रकाना काढायलाच हवा. चष्मेवाल्यांनाही पटलंय. पण काढायला केंद्राचं लेखी पत्र लागतं, आणि केंद्रातले म्हणतात की भरती चालू असताना फॉर्म बदलायचा नाही, महिनाअखेरीनंतर बघू. मी पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. तुझ्या तारखेच्या आत काही ते होत नाही.

आजी, बाबांना सांगून टाक ना. माझं ऐक. ते "कशाला" म्हणतील, एक दिवस कुरकुर करतील, आणि 'हो' दाबतील. तू म्हणत असशील तर मी बोलते. या एका रकान्यासाठी तुझं वर्ष जायला नको. तुझं म्हणजे कायमचंच जाईल.

तुझी भिंगरी


२६ जुलै

भिंगरे,

तुझं पत्र आल्यावर मी खरंच तुझ्या बापाला सांगायला गेले. तो जेवून वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी म्हटलं, "ऐक रे." तो म्हणाला, "पाय दुखतायत का? चेपून देऊ?" आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवून खरोखर चेपायला बसला. आता अशा माणसाला काय सांगणार? तो 'नाही' म्हणाला असता तर मला राग धरता आला असता. पण तो "आई, तुला बरं वाटेल तसं" असं म्हणाला असता, आणि त्या आवाजात म्हणाला असता की मी स्वतःच जाऊन नाव काढून आले असते. मी पाय चेपून घेतले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले. फॉर्म उघडला. पालकाच्या रकान्यात आधी माझ्या वडिलांचं नाव लिहिलं. बघितलं, पुसलं. ज्यांनी शाळेतून काढलं त्यांची परवानगी आता कशाला. मग तुझ्या आजोबांचं लिहिलं, तेही पुसलं, त्यांनी फॉर्म उपडा ठेवला असता. मग तुझं नाव लिहिलं. तुझ्या नावात एकही जोडाक्षर नाही, पटकन झालं.

खाली 'पाल्याशी नाते' असा आणखी एक रकाना होता. आई, वडील, इतर, यातलं एक निवडायचं. 'इतर' निवडलं. तू आता माझी इतर आहेस, मनाला लावून घेऊ नकोस. फोन नंबर तुझा घातला. चांदण्या होत्या तिथे सगळीकडे भरलं. बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

परत आला नाही.

बाई म्हणाल्या, "आता त्या मुलीच्या फोनवर निरोप जाईल, 'आपल्या पाल्याने परीक्षेस बसावे यास आपली संमती आहे काय?' तिने 'हो' केलं की झालं." मी म्हटलं ती ऑफिसात कामात असेल, बघेल तेव्हा बघेल. म्हणून वही काढून शुद्धलेखन लिहायला बसले. अर्धं पानही झालं नव्हतं तोच बाईंनी हाक मारली. संमतीची हिरवी खूण आली होती. इतक्या लवकर कसं बघितलंस गं? काम करत होतीस की फोन हातातच धरून बसली होतीस?

मला बसायचा नंबर मिळालाय. कागदावर छापून दिलाय, त्यावर माझं अख्खं नाव आहे, आणि खाली 'पालकांची संमती मिळाली' असंही आहे. आज जेवताना तो तुझ्या बापाच्या पानाशेजारी ठेवला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग तुझ्या आईला म्हणाला, "हिचा पालक म्हणून कुणी संमती दिली?" मी म्हटलं, "तुझ्या मुलीने." जेवण झाल्यावर तो माझी पेन्सिल घेऊन गेला आणि टोक काढून आणली. खूपच टोकदार काढलीय, लिहिताना मोडेल, पण त्याला सांगितलं नाही.

नंबराबरोबर एक सूचनांचा कागदही आलाय. तोही तुमच्याच साच्यातला दिसतो, मुलांच्या शाळेचा. त्यात लिहिलंय, पालकांनी पाल्यास वेळेपूर्वी केंद्रावर आणून सोडावे, पाण्याची बाटली द्यावी, आणि खिडकीबाहेर उभे राहून खुणा करू नयेत. मी बाईंना विचारलं, हे मोठ्यांनाही लागू का? त्या म्हणाल्या, "लिहिलंय तर लागू."

परीक्षा बारा तारखेला सकाळी आहे. आदल्या दिवशीची गाडी पकड. खुणा करायच्या असतील तर आधी ठरवून घेऊ.

तुझी पाल्य,
आजी